न पाहिलेलं विहार

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण पुढे मी बरीच चिडचिड सांगणार आहे, आणि ती वाचता वाचता कोणाला माझी बाजू पटू लागली तर ते मला नको आहे.

सिंगापूरला येऊन मला तेव्हा सहा वर्षं झाली होती. सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, ऑफिस पाया लेबारला, घर क्वीन्सटाउनला. घरात देव्हारा, दत्ताची तसबीर, गुरुवारचा उपास, सकाळी आंघोळ करून जप. पुण्याच्या घरी जे होतं ते सगळं मी इथे आणलं होतं, आणि आपण धार्मिक माणूस आहोत याबद्दल मला कधी शंका आली नव्हती. माझ्या टीममध्ये चेतन नावाचा नागपूरचा एक इंजिनिअर होता. आमच्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच. चहाच्या वेळी "सर, आज डब्यात काय?" एवढं तरी मराठी कानावर पडायचं, आणि त्याचं मला बरं वाटायचं.

त्या वर्षी चेतनचे वडील महिनाभरासाठी त्याच्याकडे आले होते. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले गृहस्थ, विमानात पहिल्यांदाच बसलेले. बुद्धपौर्णिमेला इथे सरकारी सुट्टी असते. त्या दिवशी वडिलांना श्रीलंकेच्या लोकांनी बांधलेल्या जुन्या विहारात न्यायचं, तिथल्या भन्तेंना त्यांच्या हातून भोजनदान द्यायचं, असं चेतननं ठरवलं होतं. एरवीच्या रविवारीही जाता आलं असतं, पण पौर्णिमेलाच जायचं म्हणून वडील थांबले होते. हे त्यानं मला तीन आठवडे आधी सांगितलं होतं. पण आम्ही ज्या बँकेचं काम करायचो तिच्या सिस्टिममधले मोठे बदल सुट्टीच्या दिवशीच करावे लागतात, आणि आमचा एक बदल नेमका त्या दिवशी ठरला. चेतनचं नाव यादीत होतं, ते मी तसंच राहू दिलं. दुसरा माणूस मिळाला असता. मी शोधला नाही, इतकंच.

त्या दिवशी सकाळी सातपासून सगळे आपापल्या घरून कॉलवर होते. साडेदहाला चेतनचा भाग संपला. तो मराठीत म्हणाला, "सर, माझं झालंय. पुढचं काम चार वाजता आहे. भन्ते बारानंतर जेवत नाहीत, दान बाराच्या आत पोचवावं लागतं. दोन तास जाऊन येऊ का? बाबा तयार होऊन बसलेत." त्याच क्षणी दुसरीकडे काहीतरी अडकलं होतं, वरून फोनवर फोन येत होते, आणि मी वैतागलो होतो. मी म्हणालो, "तुम्हा लोकांना तिकडे सवलती पाहिजेत आणि इकडे सुट्ट्या पाहिजेत. काम कोणी करायचं?"

हे मी मराठीत बोललो, आणि मुद्दाम मराठीत बोललो. कॉलवर एक तमिळ, दोन चिनी आणि एक फिलिपिनो मुलगी होती. त्यांच्यासमोर इंग्रजीत असं बोलण्याची माझी छाती झाली नसती. मराठीत बोललं की ते आमच्या दोघांतच राहील, असा माझा हिशेब होता. 'तुम्हा लोकांना' म्हणजे कोणाला, हे मराठी वाचकाला मी समजावून सांगायला नको.

मग "ओके, सर," असं चेतन म्हणाला आणि संध्याकाळी सहापर्यंत कॉलवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी वडिलांचं परतीचं विमान होतं.

त्यानंतर तो माझ्याशी मराठीत बोलला नाही. मी मराठीत विचारायचो, तो इंग्रजीत उत्तर द्यायचा. नम्र, नेमकं, एक शब्द जास्त नाही. मला त्याचाही राग यायचा. एका वाक्याचं माणसानं किती धरून बसावं? घरी बायकोला मी हेच बोलून दाखवलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "मग जाऊन सांगा ना, चुकलं म्हणून," ती म्हणाली. मी म्हटलं, "त्यात काय सांगायचं? तोंडातून गेलं." ती म्हणाली, "बोलायला तुम्हाला एक मिनिट पुरतं. परत घ्यायला मात्र मुहूर्त लागतो."

तो मुहूर्त काही आला नाही. दोन महिन्यांत चेतन बदली मागून वरच्या मजल्यावर गेला, आणि त्याच सुमारास त्याच्या वडिलांचं निधन झाल्याचा ई-मेल ऑफिसात फिरला. हृदयविकाराचा झटका, घरीच. मी उत्तरात दोन ओळी लिहिल्या. लिहिल्या असंही म्हणता येणार नाही. कोणा दुसऱ्याच्या निधनाला पाठवलेल्या त्याच ओळी उचलून चिकटवल्या आणि पाठवण्याआधी नाव बदललं.

तेव्हापासून माझा जप बिघडला. माळ हातात घेतली की दहा-बारा मण्यांनंतर ते वाक्य यायचं. माझ्याच आवाजात, त्याच चढ्या सुरात. मी पुन्हा पहिल्या मण्यापासून सुरू करायचो, पुन्हा तेच. मग मी गुरुवारच्या जोडीला सोमवारचा उपास धरला. नोव्हेंबरात पुण्याला गेलो तेव्हा अभिषेक केला. ब्राह्मणभोजन घातलं. आता लिहिताना या शेवटच्या गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. माफी सोडून मी सगळं केलं. वरच्या मजल्यावर जायला लिफ्टला अर्धं मिनिट लागतं, तिथे मात्र मी गेलो नाही, आणि देव माझ्या मनाला स्थिर का करत नाही म्हणून देवावरच चिडत राहिलो.

या अवस्थेत पुढच्या वर्षीचा जुलै आला आणि त्याच्याबरोबर अँड्र्यू आला. म्हणजे माझा नवा साहेब. इंग्लंडहून बदली होऊन आलेला, पन्नाशीचा, सहा फूट उंच, गोरापान. मोबाइलवरच्या ॲपवर ध्यान शिकलेला, आणि आता आपण 'खऱ्या' पूर्वेत आलो आहोत म्हणून लहान मुलासारखा हरखलेला. पहिल्याच आठवड्यात त्यानं मला पकडलं. त्याला बुद्धाचं देऊळ बघायचं होतं. पर्यटकांचं नाही, साधी माणसं जातात तसलं. कोणीतरी त्याला त्या श्रीलंकन विहाराचं नाव सांगितलं होतं. "तू भारतीय आहेस, बुद्ध भारतीय, म्हणजे तुला सगळं माहीतच असणार," असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलं. मला काय माहीत होतं? शाळेच्या पुस्तकातल्या धड्याएवढं. शिवाय जगात असलेल्या सगळ्या देवळांपैकी नेमकं हेच एक देऊळ मला टाळायचं होतं. पण साहेबाला नाही कसं म्हणणार? ज्या रविवारी मी घरात पाय पसरून पेपर वाचला असता, त्या रविवारी सकाळी नऊला मी पाया लेबार स्टेशनच्या बाहेर घाम पुसत उभा होतो.

अँड्र्यू साडेनऊला उगवला, गुडघ्याच्या वर येणारी हाफ पँट घालून.

"अशानं आत घेणार नाहीत," मी म्हणालो.

"असं? मग काय करूया?" तो आनंदानं म्हणाला. प्रत्येक अडचणीत त्याला आनंद व्हायचा, हा त्याचा फार मोठा दोष होता.

आम्ही चालत गेलांग सेराईच्या बाजारात गेलो. तिथे एका मलय दुकानदाराकडून त्यानं चौकड्याची लुंगी घेतली आणि ती कशी नेसायची म्हणून माझ्याकडे पाहिलं. सहा वर्षं मॅनेजर, वीस वर्षांचा अनुभव, आणि मी भर बाजारात गुडघ्यावर बसून साहेबाची लुंगी बांधत होतो. दुकानदाराची बायको हसून हसून खुर्चीत बसली. दहा पावलं गेलो की लुंगी सुटायची. मग बस चुकीची पकडली. ती मीच पकडली, तरी चिडलो मात्र अँड्र्यूवर. उलट दिशेला चार स्टॉप जाऊन परत आलो. ऊन रणरणत होतं. बसमध्ये तो विचारत होता, "बुद्ध तुमच्याकडे विष्णूचा अवतार मानतात ना?" "जपाच्या माळेत एकशे आठच मणी का?" आणि मग, खिडकीबाहेर बघत, अगदी सहज, "तुमच्या भागातही बौद्ध लोक आहेत म्हणे पुष्कळ. तू ओळखतोस कोणाला?"

"नाही," मी म्हणालो.

आम्ही पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मी वाटेत एक नारळ, पेढ्यांचा पुडा आणि उदबत्ती घेतली होती. देवळात रिकाम्या हातानं जायचं नसतं एवढं मला कळत होतं. पण इथे नारळ घ्यायला पुजारीच नाही. घंटा नाही, गाभारा नाही, तीर्थ नाही. मूर्तीसमोर फुलांची ताटं मांडलेली, लोक येत होते, फूल ठेवत होते, गुडघे टेकून नमस्कार करत होते आणि बाजूला होत होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत, आणि मी गडद जांभळ्या शर्टात. मूर्तीला हात जोडून झाल्यावर सवयीनं माझी उजव्या हाताची ओंजळ तीर्थासाठी पुढे झाली आणि तशीच राहिली. समोर कोणीच नव्हतं. मी हात चोरून खिशात घातला. नारळ मात्र खिशात मावेना.

तेवढ्यात मागून आरडाओरडा झाला.

अँड्र्यू मूर्तीकडे पाठ करून, दात दाखवत, स्वतःचा आणि बुद्धाचा एकत्र सेल्फी घेत होता. आणि पांढऱ्या साडीतल्या, चष्म्याला दोरी लावलेल्या एक सिंहली बाई हात हलवत त्याच्या अंगावर धावून येत होत्या. चपला कुठे ठेवायच्या, फुलं कुठून घ्यायची हे सगळ्यांना सांगणाऱ्या त्याच होत्या. सगळे त्यांना आंटी म्हणत, आणि त्यांच्या बोलण्याला शेपटासारखं सिंगापुरी 'लाह' लागायचं. "अय्यो! बुद्धाला पाठ करतो? कॅनॉट लाह! एवढा मोठा माणूस, घरी आईनं शिकवलं नाही?"

अँड्र्यूचा चेहरा लालभडक झाला. गडबडीत त्यानं फोन लुंगीच्या खिशात टाकला. लुंगीला खिसा नसतो, फोन फरशीवर आपटला. तो उचलायचं सोडून त्यानं आधी हात जोडले. "मला माहीत नव्हतं. आधी विचारायला हवं होतं. माझं चुकलं, मला माफ करा," तो आंटींना म्हणाला. मग मूर्तीकडे वळला आणि कमरेतून वाकून तिलाही तेच म्हणाला. मग फोन उचलून आंटींच्या देखत फोटो पुसून टाकला.

"ओके लाह, ओके," आंटी म्हणाल्या. त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "नवीन आहेस. शिकशील. आज एका घरचं दान आहे, दोघं जेवून जायचं."

हे सगळं व्हायला अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त वेळ लागला नसेल. खरं सांगतो, त्या क्षणी मला अँड्र्यूचा पराकोटीचा राग आला. लुंगीचा नाही, बसचा नाही. हे इतकं सोपं असतं होय? माणूस चुकतो, त्याच पावली हात जोडतो, आणि लोक त्याला जेवायला थांबवतात? मग मी चौदा महिने काय करत होतो?

आंटींनी आम्हाला शेजारच्या दालनात ढकललं. भिंतीलगत बैठकीवर पाच भन्ते बसले होते, समोर चटयांवर तीस-चाळीस माणसं. मी खांबाआड जागा धरली. अँड्र्यू माझ्याशेजारी पाय पसरून बसला. आंटींनी जाता जाता त्याच्या पावलांवर एक चादर टाकली, कारण पावलं सरळ भन्तेंकडे होती. मग मी समोर पाहिलं. स्टुलावर एका गृहस्थाचा हार घातलेला फोटो होता. पांढरा शर्ट, बारीक मिशी, फोटोसाठी ताठ केलेली मान. फोटोशेजारी पांढऱ्या लुगड्यातली एक बाई आणि तिच्या शेजारी चेतन. वडिलांना जाऊन वर्ष झालं होतं.

मी उठलोच. आंटी दारात उभ्या होत्या. त्यांनी नुसता हात आडवा केला. "आता बाहेर नाही जायचं. सुरू झालं. सिट, सिट."

बसलो. पठण सुरू झालं. अँड्र्यू कानाशी कुजबुजला, "काय म्हणतायत?" मला वाटलं होतं मला काही कळणार नाही, पण पाली कानाला परकी नव्हती. तीन गोष्टींना शरण जायचं, असं तीन वेळा म्हणायचं होतं. सगळे म्हणत होते. चेतन म्हणत होता, अँड्र्यू मोडकंतोडकं म्हणत होता. मी रोज देवासमोर हाच शब्द वापरत आलो होतो. पण माझं शरण जाणं नेहमी एखाद्या अर्जासारखं असायचं, खाली मागण्यांची यादी जोडलेली. मला स्थिर कर, मला शांत कर, ते वाक्य माझ्या डोक्यातून काढून टाक. ज्याला ते बोललो त्याच्याबद्दल त्या यादीत एकदाही काही नव्हतं. हे मला तिथे, त्या चटईवर, नारळ मांडीवर घेऊन बसलेला असताना प्रथमच दिसलं.

पठण झाल्यावर एक परात पुढे आणली. परातीत एक कप आणि पाण्यानं भरलेली पितळी झारी. आंटींनी आम्हा नवख्यांना हळू आवाजात सांगितलं की दानाचं पुण्य गेलेल्या माणसाला पोचवायचं असतं. घरचे लोक मिळून झारी धरतात, कप भरून वाहू लागेपर्यंत पाणी ओततात. चेतनच्या आईनं झारी धरली. चेतननं खालून आधार दिला. मधले भन्ते इंग्रजीत म्हणाले, "त्यांना ओळखणारे, त्यांच्या गावाकडचे कोणी असतील तर त्यांनीही हात लावावा." चेतननं नकळत मागे वळून पाहिलं, आणि त्याला मी दिसलो.

त्याच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. राग नव्हता एवढं खरं. आईनं त्याच्या नजरेमागोमाग पाहिलं. "कोण हाय रे ते?"

"माझे जुने साहेब, आई," चेतन म्हणाला. चौदा महिन्यांनी मी त्याच्या तोंडून मराठी ऐकत होतो. "पुण्याचे आहेत."

"मंग तिथं काऊन बसले? या न जी भाऊ, इकडे या. हात लावा."

मी गुडघ्यांवर सरकत पुढे गेलो. काय करावं ते न सुचून हात मागेच ठेवला होता. तिनं माझं मनगट धरलं आणि माझा हात झारीच्या पोटावर, चेतनच्या हाताच्या वर ठेवला. पितळ गार होतं.

आमच्या गावी गोठा झाडायला एक बाई यायची. तिला पाणी द्यायचं काम माझ्याकडे होतं. ती ओंजळ धरायची, मी तांब्या उंचावरून तिरका करायचो. "वरनं धर, टेकू देऊ नको," असं आई आतून सांगायची, आणि ते मला छान जमायचं. एक थेंब बाहेर सांडायचा नाही. त्या बाईचं नाव मला कधीच माहीत नव्हतं. चाळीस वर्षांत तिची आठवणही आली नव्हती. त्या झारीवर हात ठेवला आणि तिची पसरलेली ओंजळ माझ्या डोळ्यांसमोर आली, बोटांवरच्या शेणाच्या पुसट डागासकट.

पाणी कपात पडू लागलं. कप भरला, काठावर फुगला आणि वाहू लागला. भन्ते गंभीर सुरात पठण करत होते. आम्हा तिघांचे हात एकावर एक होते. पाणी परातीत सांडत होतं, कोणी थांबवत नव्हतं. माझ्या छातीत काहीतरी सैल झालं. याहून मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. उजेड दिसला नाही, आवाज आला नाही. पण डोक्यात कायम चालू असलेलं माझं मलाच समजावणं, माझी बाजू, माझी सबब, ते तेवढा वेळ पूर्ण बंद होतं.

नंतर मी पुष्कळ वेळा विचार केला आहे. हाफ पँट घालून येणारा साहेब, सुटणारी लुंगी, चुकीची बस. यांतलं एक जरी टळलं असतं तर आम्ही दहाला विहारात पोचलो असतो, फुलं वाहून साडेदहाला बाहेर पडलो असतो, आणि मी कोणालाही न भेटता घरी जाऊन पेपर वाचला असता. त्या सकाळी ज्या ज्या गोष्टीवर मी चिडलो, त्या प्रत्येक गोष्टीनं मला ढकलत ढकलत त्या झारीपर्यंत नेलं. हे कोणी केलं यावर मी वाद घालणार नाही. मी दत्ताचा भक्त, बोलावलं बुद्धाच्या दारी, आणि आणायला पाठवला एक लुंगीवाला इंग्रज. मी रोज हात जोडून ज्याला वाट दाखव म्हणायचो, त्यानं मला न आवडणारी वाट दाखवली म्हणून मी दिवसभर कुरकुरत होतो. आज त्या प्रत्येक कुरकुरीबद्दल मी ऋणी आहे. पण ही समज नंतरची. त्या दुपारी अजून सगळ्यात अवघड भाग बाकी होता.

भन्तेंचं जेवण बाराच्या आत झालं, मग बाकीच्यांची पंगत बसली. अँड्र्यू आंटींच्या देखरेखीखाली हातानं भात खायला शिकत होता. चेतन वाढत वाढत माझ्यापाशी आला. मी म्हणालो, "चेतन, त्या दिवशी मी जे..."

"इट्स ओके, सर," तो म्हणाला आणि ताटात भाजी वाढली.

"नाही, ऐक. तेव्हा कोणाला कळलं नाही तरी..."

तो थांबला. भाजीचं भांडं हातात धरून, आईकडे एक नजर टाकून, हळू आवाजात म्हणाला, "बाबांना कळलं होतं, सर. माझ्या मागे सोफ्यावर बसले होते. हेडफोन खराब होता, लॅपटॉपचा स्पीकर चालू होता."

मी घास परत ताटात ठेवला. "काय म्हणाले ते?"

"काही नाही. 'तुझ्या साहेबाला लय काम दिसते,' म्हणाले. मग टीव्ही लावून बसले. पण इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता ना विहारात जायला, तो रात्रीपर्यंत काढला नाही. मी दोनदा म्हटलं, बाबा, कपडे बदला. म्हणाले, राहू दे."

तो पुढच्या माणसाला वाढायला गेला. मराठीत बोललं की कोणाला कळणार नाही, हा माझा हिशेब होता. त्या कॉलवर माझं वाक्य कळणारा एकच माणूस जास्तीचा होता, आणि तो तोच होता.

चेतनची आई आपलं ताट घेऊन माझ्यासमोर येऊन बसली. मराठी बोलायला कोणीतरी मिळालं म्हणून तिला हायसं झालं होतं. "जेवा न जी, लाजू नका," म्हणत तिनं पापड माझ्या ताटात टाकला. मग इकडेतिकडे बघत म्हणाली, "भाऊ, एक गोष्ट इचारू का? हे बी इथं येऊन गेले होते पौर्णिमेले. घरी आल्यावर मले समदं सांगतलं. म्हणे, विहार नदीच्या काठी हाय, दारात दोन दगडाचे हत्ती हायेत, मोठ्ठी घंटा हाय, भन्तेनं माह्या डोक्यावर हात ठेवला. लय खूश होते. शेजारणीलेबी बोलावून सांगतलं. आन् मी सकाळपासून पाहून राह्यली. इथं ना नदी, ना हत्ती."

चेतन भांडं घेऊन मागे उभा होता. "दुसरं विहार असेल, आई," तो म्हणाला. "इथं खूप आहेत." आणि त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही. मला वाचवायला तो आईशी खोटं बोलत होता. वडिलांनी एकदा मला वाचवलं होतं, आता मुलगा वाचवत होता.

"तसंच असन," ती म्हणाली. "मंग ते दाखव मले. जिथं ते गेले होते तिथं मले एकदा जायाचं हाय."

मी ताट बाजूला सारलं. हात खरकटा होता, तो तसाच दुसऱ्या हाताला जोडला.

"ताई," मी म्हणालो, "दुसरं विहार नाहीये. त्यांनी कुठलंच विहार पाहिलं नाही. पौर्णिमेच्या सकाळी ते तयार होऊन बसले होते आणि मी चेतनला सोडलं नाही. दोन तास सोडता आलं असतं, काहीच अडलं नसतं, तरी सोडलं नाही. आणि वर त्याला तुमच्या जातीवरून बोललो. काय बोललो तेही सांगतो." आणि ते वाक्य मी तिच्यासमोर, जसंच्या तसं, पुन्हा म्हणालो. मराठीतच. "हे त्यांनी मागे बसून ऐकलं, ताई. ऐकलं, आणि तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून नदी सांगितली, हत्ती सांगितले. चेतननंही मला आजपर्यंत झाकलं. त्यांचं दर्शन मी हिरावलं. अपमान मी केला. माझं चुकलं. चेतन, तुझी माफी मागतो. ताई, तुमची मागतो. आणि त्यांची मागायला मी उशिरा आलो, त्याचीही मागतो."